कवचित कक्षाचे भूसंपर्कन : तत्त्व व व्यवहार

प्रस्तावना

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातून २५,००० व्होल्ट दाबाची रेल्वेची विद्युतवाहिनी जाते. औद्योगिक वसाहतींतील यंत्रे व मोबाइल मनोरे यांची त्यात भर पडते. अशा परिसरात एखादे उपकरण स्वतः किती विद्युतचुंबकीय लहरी बाहेर टाकते हे मोजावयाचे असल्यास सर्व बाजूंनी धातूने बंदिस्त केलेला कवचित कक्ष आवश्यक ठरतो. या कक्षाचे अर्थिंग जितके उत्तम तितके कवच प्रभावी, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

कवच व भूमी

मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये उभारलेला धातुवेष्टित कक्ष जमिनीपासून विलग होता. तरीही बाहेरील विद्युतभाराचा परिणाम आत जाणवला नाही. कवचाची शक्ती त्याच्या अखंडतेत असते. शिवाय १० मीटर लांबीची अर्थिंगची तार १ मेगाहर्ट्झला सुमारे ६० ओहम अवरोध करते. या भागातील कातळात मोठा खर्च करून खड्ड्याचा रोध १ ओहमपर्यंत आणला, तरी उच्च वारंवारितेस त्याचा उपयोग नाही.

अर्थिंगचे प्रयोजन

कक्षात येणारी वीज फिल्टरमधून येते व त्यातील कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर केवळ १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सुमारे ७२ मिलिअँपिअर प्रवाह सतत पत्र्यात उतरतो. अर्थिंग तुटल्यास पत्र्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्राणघातक प्रवाह वाहू शकतो. ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. येथे लगेच खाली पडते. म्हणून ते काढून टाकणे हा उपाय नव्हे. फिल्टरपूर्वी विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा व अर्थिंगची जोडणी कायमस्वरूपी, भक्कम असावी.

ही जोडणी एकाच ठिकाणी, फिल्टरजवळ करावी. रेल्वेचा परतीचा प्रवाह अंशतः जमिनीतून वाहत असल्याने दोन ठिकाणच्या भूमीचे विभव भिन्न असू शकते. दोन्हीकडे जोडलेल्या कक्षाच्या पत्र्यातून मग प्रवाह फिरतो आणि कमी वारंवारितेची मोजमापे बिघडतात. मात्र कक्षासाठी वेगळा खड्डा घेऊन तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगपासून तोडणे धोक्याचे आहे.

निष्कर्ष

अर्थिंग हे माणसाच्या रक्षणासाठी आणि मोजमापाच्या स्थिर संदर्भासाठी असते. कवचाचा दर्जा दाराच्या कडा, पत्र्यांचे सांधे, वायुवीजनाच्या जाळ्या व फिल्टर यांवर ठरतो. प्रयोगशाळा उभारणाऱ्या महाविद्यालयांनी खर्चाची विभागणी करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.