अदृश्य आलंबनाचे भय : कुरोसावांचा ‘इकिमोनो नो किरोकु’

भयानक रसाची चर्चा करताना आपण विद्यार्थ्यांपुढे बहुधा स्मशान, अरण्य, हिंस्र श्वापद अशी ठरीव उदाहरणे ठेवतो. भयाचे आलंबन डोळ्यांसमोर असते, हे त्यात गृहीत असते. ज्या भयाचे आलंबन कधीच दिसत नाही, त्याचे नाट्य कसे उभे राहावे? अकिरा कुरोसावा यांचा नोव्हेंबर १९५५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘इकिमोनो नो किरोकु’ (शब्दशः ‘सजीवाची नोंद’) हा चित्रपट या प्रश्नाच्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख ‘फुकुर्यू मारू क्रमांक ५’ या मासेमारी नौकेवर पडली. तीवरील २३ खलाशांना बाधा झाली. त्यांपैकी आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. याच सुमारास कुरोसावांचे संगीतकार मित्र फुमिओ हायासाका, जे स्वतः क्षयाने आजारी होते, त्यांना म्हणाले, की जिवाला असा धोका असताना माणसाला काम करणे शक्य नाही. चित्रपटाचे बीज या बोलण्यात आहे. चित्रीकरण चालू असतानाच, ऑक्टोबर १९५५ मध्ये, हायासाका वारले. संगीत मासारु सातो यांनी पूर्ण केले.

कथानायक किइची नाकाजिमा हा ओतकाम-कारखान्याचा वृद्ध मालक. (ही भूमिका करणारे तोशिरो मिफुने त्या वेळी अवघे ३५ वर्षांचे होते.) अणुयुद्धाच्या भीतीने तो सर्व कुटुंबीयांना, इतकेच नव्हे तर रखेल्या व त्यांची मुले यांनाही, ब्राझीलला नेऊ पाहतो. त्याला कारभार पाहण्यास अक्षम ठरवावे, असा अर्ज घरचे लोक कौटुंबिक न्यायालयात करतात. त्याचा भूखंड घेऊन आपली शेती देऊ करणारा ब्राझीलवासी जपानी वृद्ध स्वतः मात्र मायदेशी परतण्यास आतुर आहे, हा उपरोध पटकथाकारांनी मुद्दाम ठळक केलेला नाही, हे बरेच झाले.

संपूर्ण चित्रपटात बॉम्ब एकदाही दिसत नाही. आहेत ती केवळ उद्दीपने : उकाडा, सतत हलणारे पंखे, जेट विमानांचा आवाज, वीज. एका प्रसंगी विजेचा लखलखाट होताच नाकाजिमा तान्ह्या मुलावर पालथा पडून त्याला झाकून घेतो. भोवतालच्यांना वीज दिसते, त्याला दुसरे काही. आलंबन एकट्या नायकाच्या मनात आणि उद्दीपने मात्र सर्वांना समान, ही विभावांची फारकत म्हणजेच या चित्रपटाचे नाट्य होय.

परंतु चित्रपट जपानमध्ये चालला नाही. त्याची कारणमीमांसा अनेक परींनी करता येईल. मला अभिनवगुप्तांचे विवेचन येथे उपयोगी वाटते. ‘शाकुंतला’तील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेऊन ते सांगतात, की तेथे भिवविणारा वास्तविक नसल्यामुळे भय देशकालाच्या बंधनातून मोकळे होते आणि आस्वाद्य बनते. १९५५ च्या जपानी प्रेक्षकासाठी भिवविणारा वास्तविक होता. हिरोशिमाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. जे भय स्वतःचेच आहे त्याचे साधारणीकरण कसे होणार? स्वगत सुखदुःखाला अभिनवगुप्तांनी रसविघ्नांत स्थान दिले आहे, ते याचसाठी. याउलट १९५४ च्या ‘गोजिरा’ने त्याच भयाला राक्षसी प्राण्याचे दृश्य आलंबन दिले आणि तो अमाप लोकप्रिय झाला. कलादृष्ट्या अवघड वाट कुरोसावांची होती, असे माझे मत आहे. यश सोपे नव्हते, एवढेच.

कारखान्यामुळेच कुणी जपान सोडत नाही, या समजुतीने नाकाजिमा शेवटी तो जाळतो. आमच्या पोटाचे काय, असे कामगार विचारतात. त्यांचा विचार आपण केलाच नव्हता, हे त्या क्षणी त्याला उमगते आणि तुम्हालाही नेतो म्हणून तो चिखलात गुडघे टेकतो. भयग्रस्त माणसाला नैतिक अधिकारही आपोआप मिळतो, असे चित्रपट मानत नाही.

मनोरुग्णालयात तो सूर्याकडे पाहून पृथ्वी जळत असल्याचे ओरडतो. आपण परग्रहावर सुरक्षित पोहोचलो आहोत, अशी त्याची समजूत आहे. न्यायालयातील मध्यस्थ, दंतवैद्य हाराडा (ताकाशी शिमुरा), त्याला भेटून उतरू लागतात, तेव्हा पाठीशी मूल घेतलेली नाकाजिमाची तरुण रखेली वर चढताना दिसते.