घडी नसलेली प्रथिने

अंडे उकळत्या पाण्यात सोडले म्हणजे काही मिनिटांत त्याचा पातळ पांढरा भाग घट्ट होतो आणि मग काही केल्या पूर्ववत होत नाही. ताजे दूध मात्र चुलीवर ठेवले तर उतू जाईल, आटेल, त्यावर साय धरेल; पण फाटणार नाही. ते फाटते ते लिंबाचा रस पिळला असता. दोहोंतही प्रथिने भरपूर आहेत. मग उष्णतेने एकाची जी गत होते ती दुसऱ्याची का होऊ नये? स्वयंपाकघरात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण त्याच्या उत्तरावाचून कोणाचे अडत नाही. परंतु गेल्या तीस वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांतील शास्त्रज्ञांनी मिळून अभ्यासाचा जो एक नवा संप्रदाय उभा केला, त्याच्या मुळाशी नेमका हाच भेद आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची ओवलेली माळ. मणी वीस प्रकारचे, आणि माळेची लांबी काही दशकांपासून हजारोंपर्यंत. या मण्यांपैकी काहींना पाण्याचा सहवास मानवतो, काहींना तो मुळीच सोसत नाही. पेशीतील पाण्यात माळ तयार झाली की पाण्याला भिणारे मणी आत दडी मारतात, पाणी मानवणारे बाहेर राहतात, आणि माळेची एक आटोपशीर, ठरावीक घडी बसते. अंड्याच्या पांढऱ्या भागातील बहुतेक प्रथिने या जातीची. उष्णतेने ही घडी उलगडते, आत दडलेले मणी उघडे पडतात, शेजारच्या माळेतील तशाच मण्यांना बिलगतात, आणि सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे चार-पंचमांश प्रथिने केसीन या कुलातील आहेत. त्यांना अशी घट्ट घडी मुळातच नाही. जी घडी बसलेलीच नाही ती उष्णतेने मोडणार कशी?

परंतु ‘घडी नाही’ असे म्हणणे प्रथिनशास्त्रात फार काळ अवघड होते. जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर याने १८९४ साली एंझाइम आणि ते ज्या पदार्थावर कार्य करते तो पदार्थ यांच्या संबंधाला कुलूप आणि किल्ली यांची उपमा दिली. ती इतकी समर्पक होती की, पुढील शंभर वर्षे तिने शास्त्रज्ञांच्या विचारावर राज्य केले. किल्लीला आकार हवा. आकार गेला की ती निव्वळ लोखंडाचा तुकडा. पेकिंग येथे काम करणाऱ्या ह्सियेन वू या चिनी जीवरसायनज्ञाने १९३१ साली प्रथिनाचे ‘बिघडणे’ म्हणजे त्याची घडी उलगडणे, असे प्रतिपादन केले. ते बरोबरच होते. परंतु त्यातून घडी नसलेले प्रथिन म्हणजे बिघडलेले प्रथिन, असा उलटा अर्थही नकळत रूढ झाला. केंब्रिजच्या केन्ड्र्यू आणि पेरुट्झ यांनी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून प्रथिनांची पहिली प्रत्यक्ष चित्रे मिळवली आणि त्यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक लाभले. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली माळेतील प्रत्येक सांधा किती अंशांतून वळू शकतो याचा सुप्रसिद्ध आलेख मांडला. आजही प्रत्येक नवी रचना त्या आलेखावर तपासली जाते. अनफिन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलगडलेले प्रथिन आपली घडी स्वतःच पुन्हा घालून घेते हे सिद्ध केले, व त्याबद्दल त्याला १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मण्यांच्या क्रमातून आकार आणि आकारातून कार्य, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत कायम झाले.

१९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेव्हन येथे प्रथिनरचनांचा सार्वजनिक संग्रह सुरू झाला तेव्हा त्यात केवळ ७ रचना होत्या. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेली आहे. या संग्रहातील एक गोष्ट मात्र नजरेतून निसटत राहिली. क्ष-किरणांनी चित्र उमटते ते स्फटिकातील असंख्य रेणू एकाच रीतीने उभे असतील तर. कवायतीला उभ्या असलेल्या पलटणीचे छायाचित्र स्पष्ट येते. बाजारातील गर्दीचे दीर्घ काळ उघड्या भिंगातून घेतलेले छायाचित्र मात्र धुरकट येते. त्याप्रमाणे माळेचा जो भाग प्रत्येक रेणूत वेगळ्या ठिकाणी असतो, तो चित्रात उमटतच नाही. अशा जागा शेकडो रचनांत होत्या. ‘हा भाग दिसला नाही’ अशी एक ओळ लिहून त्यांची वासलात लावली जाई. कित्येकदा तर स्फटिक बांधण्यास अडचण नको म्हणून तो भाग आधीच छाटून टाकीत. दप्तरातील कोरा रकाना हा नोंद करणाऱ्याचा आळस की नोंदण्याजोगे काही नव्हते याची खूण, हे रकाना पाहून सांगता येत नाही. इथे सर्वांनी पहिलाच अर्थ धरला होता.

अपवाद सापडत नव्हते असे नाही. परंतु प्रत्येकाचे क्षेत्र निराळे, आणि शेजाऱ्याला काय सापडले याची वार्ता नाही. दुधाचे अभ्यासक केसीनविषयी लिहीत, ते दुग्धशास्त्राच्या नियतकालिकांत. मज्जापेशींचे अभ्यासक टाऊ नावाचे प्रथिन उकळूनही गोठत नाही हे जाणून होते. किंबहुना इतर प्रथिने गोठवून टाऊ वेगळे काढण्यासाठी ते या गुणाचा उपयोगच करून घेत. जनुके जागी करणाऱ्या काही प्रथिनांच्या टोकांना ठरावीक आकार नसावा हे पाहून पॉल सिग्लर याने १९८८ साली ‘आम्लांचे ठिपके आणि ऋणभारित शेवया’ असे काहीसे थट्टेचे वर्णन केले. थट्टेत बरेच तथ्य होते. परंतु एका थट्टेतून शास्त्र उभे राहत नाही.

शास्त्र उभे राहिले ते मोजणीतून. १९९५ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील विद्यापीठात चार्ल्स किसिंजर याने कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाच्या रचनेवर व्याख्यान दिले. त्या रचनेत सुमारे ९५ मण्यांचा एक पट्टा दिसतच नव्हता. आणि नेमक्या त्याच पट्ट्यातील काही भागाला धरून दुसरे एक प्रथिन कॅल्सिन्यूरिनला कामाला लावीत असे. म्हणजे कार्य होते आणि आकार नव्हता. श्रोत्यांत कीथ डंकर होते. त्यांच्या मनाने ही विसंगती घेतली. झोरान ओब्राडोविच हे संगणकशास्त्रज्ञ आणि पेद्रो रोमेरो हा विद्यार्थी यांच्या साह्याने त्यांनी रचनांतील ‘न दिसलेले’ भाग एकत्र केले आणि त्यांच्या मण्यांत काही साम्य आहे काय, हे संगणकाकरवी तपासले. साम्य होते. पाण्याला भिणारे मणी या भागांत कमी, आणि विद्युद्भारित मणी जास्त. आत दडायला कोणी नाही, आणि सारखा भार असलेले मणी एकमेकांना दूर लोटणार. अशा माळेची घडी बसावी कशी? ही खूण हाती आल्यावर ज्ञात प्रथिनांचे क्रम चाळले गेले, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे अशी लांब अव्यवस्थित क्षेत्रे असलेली प्रथिने हजारोंनी निघाली. अपवाद म्हणून ज्यांची बोळवण होत होती ते अपवाद नव्हतेच.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील ला होया येथे पीटर राइट आणि जेन डायसन हे दुसऱ्याच वाटेने तेथे पोहोचत होते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या त्यांच्या साधनाला स्फटिक लागत नाही. पाण्यात विरघळलेल्या, हलत्या रेणूचीही वार्ता ते देते. राइट यांच्या प्रयोगशाळेत १९९६ साली पी-२१ या प्रथिनाची तपासणी झाली. पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारे हे प्रथिन एकटे असताना अगदी सैल, पण ज्याला आवरायचे त्या एंझाइमला भेटताच आकार धरणारे निघाले. १९९९ साली राइट आणि डायसन यांनी या विषयावर लिहिलेला विवेचक लेख पुष्कळांच्या दृष्टीने या संप्रदायाचा पायाभूत ग्रंथच ठरला. रशियातील पुश्चिनो येथून आलेले व्लादिमीर उव्हर्स्की यांनी २००० साली प्रथिनाचा भार आणि त्याची जलभीती या दोनच राशींवरून घडीची आणि बिनघडीची प्रथिने वेगळी पाडून दाखविली. बुडापेस्टमध्ये पीटर टोम्पा हेही याच प्रश्नाकडे वळले होते. चार गावे, चार साधने. आणि ती एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होती.

पुढचे काम संघटनेचे होते, आणि ते कमी मोलाचे नव्हे. विरोध होताच. परीक्षानळीत एकटे ठेवलेले प्रथिन सैल राहत असेल, पण पेशीतील दाटीवाटीत त्याची घडी बसतच असणार, असे म्हणणारे जबाबदार शास्त्रज्ञ होते आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. त्याला उत्तर म्हणून पुरावा एकत्र करणे आवश्यक होते. २००२ साली रचना ओळखण्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अव्यवस्था ओळखण्याचा स्वतंत्र विभाग आला. २००५ साली ‘डिसप्रॉट’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. प्रयोगाने सिद्ध झालेली अव्यवस्था तेवढीच त्यात नोंदायची, हा त्याचा नियम. आज त्याचा कारभार इटलीतील पादुआ येथून चालतो. अनेक देशांतील अभ्यासक प्रबंध वाचून एकेक नोंद हाताने भरतात. हे काम कीर्ती देणारे नाही. परंतु ‘नाही’ या गोष्टीचा पुरावा इतक्या चिकाटीने जपणारे दप्तर विज्ञानात विरळाच.

नावाचा घोळही काही लहान नव्हता. कोणी ‘निसर्गतः उलगडलेली’ म्हणे, कोणी ‘रचनारहित’, कोणी ‘प्रवाही रूपाची’. नाव निराळे असल्याने एकाचा प्रबंध दुसऱ्याला सापडत नसे. अखेर २०१३ साली अनेकांनी मिळून ‘स्वभावतः अव्यवस्थित’ या नावाची तरफदारी करणारा लेख प्रसिद्ध केला. तेही निर्दोष नाही. इंग्रजीत त्या शब्दाला रोगाचाही वास येतो. आणि मराठीत तर राज्याची काय किंवा संसाराची काय, घडी ‘बसते’ ती चांगली आणि ‘विस्कटते’ ती वाईट. ज्या प्रथिनांची घडी कधी बसलीच नाही आणि तरी ज्यांचा संसार उत्तम चालतो, त्यांच्यासाठी भाषेने शब्द राखून ठेवलेला नाही.

संसार चालतो तो कसा, हे पी-५३ या प्रथिनावरून ध्यानात येईल. पेशी कर्करोगाकडे वळू नये म्हणून पहारा करणारे हे ३९३ मण्यांचे प्रथिन. त्याच्या शेपटाकडील एक आखूड तुकडा एका सोबत्याला भेटला तर मळसूत्राप्रमाणे वळतो, दुसऱ्याला भेटला तर पट्टीसारखा ताणला जातो, आणि आणखी दोघांच्या संगतीत दोन निराळी वळणे घेतो. बहुरूप्याने एकाच दिवशी चार दारी चार सोंगे घ्यावीत तसा हा प्रकार. कुलुपाला एकच किल्ली लागते. येथे मात्र एकच तार वाकवून चार कुलुपे उघडली जातात. ज्या पेशींत निरोपानिरोपी फार, तेथे अशा प्रथिनांची गरजही फार. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे केंद्रक असलेल्या पेशींच्या प्रथिनांपैकी सुमारे ३३ टक्के प्रथिनांत लांब अव्यवस्थित पट्टे आहेत, तर जीवाणूंत ते प्रमाण सुमारे ४ टक्केच आहे. झुरिक आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी २०१८ साली यावर कडी केली. एक प्रथिन अत्यंत ऋणभारित, दुसरे अत्यंत धनभारित. दोघे एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात, आणि धरूनही दोघांपैकी कोणीच आकार घेत नाही.

हा सगळा वाद केवळ विद्वानांच्या सभेतला राहिला असता, परंतु त्याचा एक धागा रुग्णशय्येपर्यंत जातो. अल्फा-सायन्युक्लिन हे १४० मण्यांचे प्रथिन मेंदूत सैल स्थितीत वावरते, असे १९९६ साली दिसून आले. पुढच्याच वर्षी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत जे सूक्ष्म गोळे आढळतात ते याच प्रथिनाचे असल्याचे उघड झाले. मग २०११ साली हार्वर्डच्या एका गटाने सांगितले की, हे प्रथिन सैल नसून चार-चारांच्या आकारबद्ध जुडीत असते. हे खरे ठरते तर उपचाराची दिशाच पालटली असती: जुडी मोडू न देणारे औषध शोधायचे की सैल रेणूंना एकमेकांत गुरफटण्यापासून अडवायचे? पुढच्याच वर्षी लोझान येथील प्रयोगशाळेने इतरांच्या साह्याने मेंदूतून काढलेले प्रथिन तपासले. ते सुटे आणि सैलच निघाले. २०१६ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी तर जिवंत पेशींच्या आत चुंबकीय अनुस्पंदनाने पाहिले, आणि त्या दाटीतही अव्यवस्था टिकून होती. जुडीचा पक्ष पूर्णपणे मावळला असे नव्हे; पण पारडे झुकले, आणि परीक्षानळीविषयीच्या जुन्या आक्षेपाला निदान एका महत्त्वाच्या बाबतीत समर्पक उत्तर मिळाले. २०२० साली मुंबईच्या आय. आय. टी.तील समीर माजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कथेत भर घातली. हे प्रथिन पाण्यात तेलाचे थेंब जमावेत तसे आधी द्रवरूप थेंबांत गोळा होते, आणि काळ लोटला की त्या थेंबांतूनच घट्ट तंतू तयार होऊ शकतात, असे त्यांनी दाखवून दिले.

औषधाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. नेहमीचे औषध प्रथिनाच्या पृष्ठावरील एखाद्या खाचेत जाऊन बसते. ज्याला स्थिर पृष्ठच नाही त्याच्यात खाच शोधायची कोठे? २०२१ साली अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने लाखो प्रथिनांच्या रचनांचे अंदाज सर्वांना खुले केले, आणि त्यामागील शास्त्रज्ञ हसाबिस आणि जंपर हे २०२४ च्या नोबेलचे मानकरी झाले. त्या चित्रांत सुबक घड्यांच्या भोवती लांबच लांब फिती मोकळ्या पसरलेल्या दिसतात, आणि त्यांच्यावर ‘विश्वसनीयता अल्प’ असा शेरा असतो. स्फटिकशास्त्रज्ञांनी कोरा सोडलेला तोच रकाना हा! अशा फितीचे एकच एक चित्र काढण्याचा हट्ट या अभ्यासकांनी सोडला आहे. एका प्रथिनाच्या जागी त्याच्या शेकडो संभाव्य ठेवणींचा समूह नोंदायचा, आणि कोणती ठेवण किती वेळा आढळते हे सोबत लिहायचे, अशा पद्धतीचा निराळा संग्रह आता भरत आहे.