लिस्बनला गेलात तर

युरोप म्हटलं की आपल्याला लंडन-पॅरिस आठवतं. पण बारडोलीकरांना खरी जवळची राजधानी लिस्बन. शेजारच्या दमणवर १९६१ पर्यंत पोर्तुगालचंच राज्य होतं.

तिथल्या दुकानांत फिरताना कान उघडे ठेवायचे. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आले. ‘पगार’ही त्यांचाच, पण तिथे त्याचा अर्थ ‘पैसे देणं’. काउंटरवर ऐकून खूश होऊ नका!

बेलेममधला जेरोनिमोसचा मठ मात्र सावकाश बघायचा. काम सुरू झालं १५०१ साली. दगडात जहाजाचे दोरसुद्धा कोरलेत. आत वास्को द गामाची कबर आहे. एवढा खर्च झेपला कसा? पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून, म्हणजे बऱ्याच अंशी मलबारच्या मिऱ्यांतून. बांधकाम चालू असतानाच, १५३० मध्ये, पोर्तुगीजांनी आपलं सुरत आणि रांदेर जाळलं.

मी कॅथलिक आहे. तिथल्या वेदीपुढे माझे गुडघे आपोआप टेकतील. तरी गाईडने हे सांगितलं नाही, तर मी विचारणार. आणि हो, मठ सोमवारी बंद असतो.