जमिनीतील स्फुरद आणि मोसंबीच्या मुळांवरील मायकोरायझा : मराठवाड्याच्या संदर्भात

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जालना हे जिल्हे मोसंबीसाठी प्रसिद्ध आहेत. जालन्याच्या मोसंबीस 2016 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. मात्र 2012-13 च्या दुष्काळात याच पट्ट्यातील बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. कमी पाण्यात व मर्यादित खर्चात बाग टिकविणे हा येथील शेतकऱ्यांपुढील मूलभूत प्रश्न होय. यावरील उपायांपैकी एक म्हणून मायकोरायझा या जैवखताकडे पाहिले जाते. हे जैवखत आणि डीएपी सारखे स्फुरदयुक्त खत एकाच आळ्यात पडल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काळ्या जमिनीतील स्फुरद

मराठवाड्यातील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, विम्लधर्मी व अनेक ठिकाणी चुनखडीयुक्त आहे. अशा जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा कॅल्शियमशी संयोग होऊन त्याची विद्राव्यता हळूहळू घटते. परिणामी जमिनीत एकूण स्फुरद भरपूर असूनही पिकास उपलब्ध होणारा अंश अल्प असतो. शिवाय स्फुरद पाण्याबरोबर फारसा वाहत नाही. तो विसरणाने अत्यंत मंद गतीने सरकतो. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की मुळाची उपासमार सुरू होते. जमीन कोरडी पडल्यास ही गती आणखी मंदावते.

मायकोरायझाचे कार्य

बुरशी व मुळे यांच्या सहजीवनास ‘मायकोरायझा’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी 1885 मध्ये दिली. मोसंबी, आंबा, सीताफळ या झाडांच्या मुळांत आढळणारी बुरशी मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारख्या सूक्ष्म रचना तयार करते. तिचे तंतू मुळापासून काही सेंटिमीटर दूर पोहोचतात व तेथील स्फुरद झाडास आणून देतात. मोबदल्यात झाड तिला प्रकाशसंश्लेषणातून निर्माण झालेली शर्करा व मेदद्रव्ये पुरविते. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केशमुळे विरळ व आखूड असल्याने त्यांचे या बुरशीवरील अवलंबित्व विशेष आहे. अमेरिकेत रोपवाटिकांची माती धुरी देऊन निर्जंतुक केल्यावर लिंबूवर्गीय रोपे खुंटली. त्यामागे या बुरशीचा अभाव हे कारण असल्याचे क्लाइनश्मिट व गर्डेमन यांनी 1972 मध्ये दाखविले.

स्फुरद वाढल्यास

हे सहजीवन झाडाच्या गरजेवर आधारित आहे. स्फुरदाची उणीव भासल्यास मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये जमिनीत सोडतात. या द्रव्यांमुळे बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात, हे जपानमधील अकियामा व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये सिद्ध केले. झाडाला स्फुरद मुबलक मिळू लागला की हा संकेत क्षीण होतो व मुळांतील बुरशीचे प्रमाण घटते. तथापि जी बुरशी मुळांत शिल्लक राहते, तिला अन्न पुरविणे झाडास भागच पडते. उच्च स्फुरद दिलेल्या लिंबूवर्गीय रोपांत बुरशीयुक्त रोपांची वाढ बुरशीविरहित रोपांपेक्षा कमी झाल्याचे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. म्हणजेच स्फुरदाच्या अभावी जो सहकारी ठरतो, तोच स्फुरदाच्या विपुलतेत भार ठरू शकतो.

बागायतदारांसाठी अर्थ

डीएपीच्या 50 किलोच्या एका गोणीत 23 किलो स्फुरद (ऑक्साइडच्या स्वरूपात) असते. बागेत हे खत सर्व क्षेत्रावर न पसरता आळ्यात दिले जाते. स्फुरद फारसा हलत नसल्याने वर्षानुवर्षे दिलेली मात्रा आळ्याच्या वरच्या थरात साचते. तंतुमुळेही मुख्यतः तेथेच असतात. कॅल्शियमने बांधला जाऊनही वारंवार भर पडल्यामुळे तेथील उपलब्ध स्फुरदाची पातळी वाढते. अशा वेळी दोन झाडांच्या मधल्या जागेतील मातीचा अहवाल ‘स्फुरद कमी’ असे सांगेल आणि आळ्यातील वस्तुस्थिती नेमकी उलट असेल. म्हणून मातीचा नमुना आळ्यातून स्वतंत्रपणे घेणे आवश्यक ठरते. ओल्सेन पद्धतीनुसार हेक्टरी 10 किलोपेक्षा कमी उपलब्ध स्फुरद ‘कमी’ व सुमारे 25 किलोपेक्षा अधिक ‘जास्त’ मानला जातो. पातळी कमी असल्यास मायकोरायझाचा लाभ संभवतो. जास्त असल्यास स्फुरदाची मात्रा घटविणे हाच पहिला व बिनखर्ची उपाय होय. रोपवाटिकेत खुंटाच्या रोपांना, मुळे कोवळी असतानाच, बुरशी देणे अधिक फलदायी ठरते.

समारोप

मायकोरायझा स्फुरद निर्माण करीत नाही. ती केवळ दूरचा स्फुरद मुळापर्यंत पोहोचविते. त्यामुळे ‘खतही अधिक, बुरशीही अधिक’ हे धोरण शास्त्रीयदृष्ट्या विसंगत आहे. दोन्हींवर खर्च करण्यापूर्वी आळ्यातील मातीची तपासणी करणे हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील बागांची माती व मुळे एकत्रितपणे तपासण्याचे विद्यार्थी-प्रकल्प हाती घेतल्यास या ज्ञानास स्थानिक आधार लाभू शकेल.