ब्रूनोचा पूल डे!

"आधी वजन उतरवा, मग बोलू." व्हेटनी एवढंच सांगितलं आणि मी ब्रूनोकडे पाहिलं. ७ वर्षांचा लॅब्रॅडॉर, ४१ किलो, दोन्ही खुब्यांत हिप डिस्प्लेझिया. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसकण मारायचा. दुखतं म्हणून चालत नाही, चालत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की आणखी दुखतं. त्यात आईचं गुपचूप तूप-पोळी भरवणं चालूच!

उपाय निघाला पाण्यात. पाणी शरीर उचलून धरतं, त्यामुळे सांध्यांवरचा भार कमी होतो. कुत्र्यांना पाण्यात उभं करून मोजलेला आकडा बघा: पाणी खुब्यापर्यंत असेल, तर पायांवर जेमतेम ३८ टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५. म्हणजे टबमध्ये पाय भिजवून भागत नाही. शिवाय पाणी कापत पुढे जायचं म्हणजे स्नायूंना मेहनत पडतेच.

पहिल्या दिवशी मात्र साहेबांनी लाज आणली. पूर्वज म्हणे न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे कामाला, बोटांमध्ये चक्क पडदे, आणि हा रॅम्पवर चारही पाय रोवून उभा! शेवटी लाइफ जॅकेट चढवलं, पाठीवरचं हँडल धरून थेरपिस्टनी पाण्यात घेतलं. आधी नुसते पुढचे पाय फडफडले, मग मागचेही चालू झाले. दोन मिनिटं पोहणं, मग विश्रांती. त्या दिवशी एवढंच. घरी येऊन असा झोपला, की कुकरच्या शिट्टीलाही उठला नाही.

तुम्हीही न्यायचं म्हणताय? आधी व्हेटना विचारा. ऑपरेशनचे टाके किंवा उघडी जखम असेल तर थांबा. पग, बुलडॉग यांना जॅकेटशिवाय पाण्यात सोडूच नका. पाण्यात तासभर बॉल फेकत बसू नका, पोटात फार पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. वीकेंडला तळ्यावर जाणाऱ्यांनो, हिरवा तवंग दिसला तर मागे फिरा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, त्याची लस घेतलीय ना? आणि घरी आल्यावर कान कोरडे करा. हे मी एकदा विसरले, पुढचा आठवडा कानात ड्रॉप्स घालण्यात गेला.

चार महिने झाले. काटा ३६ वर आलाय. डिस्प्लेझिया गेलेला नाही, जाणारही नाही. पण परवा रात्री मी खालून स्कूटर लावून वर आले, तर हा माझ्याआधी दारात!

आई लगेच म्हणाली, "मग आता अर्धी पोळी चालेल ना गं?"