हिर्टा गाव सोडताना

मुलांनो, घरात नकाशांचं पुस्तक असेल तर उघडा पाहू. स्कॉटलंड सापडलं? त्याच्या पश्चिमेला बेटांची एक लांबलचक रांग आहे. ती ओलांडून आणखी सुमारे ६५ किलोमीटर समुद्रात गेलं, की सेंट किल्डा नावाची चिमुकली बेटं लागतात. बऱ्याच नकाशांत ती दिसतही नाहीत म्हणा! आणि गंमत म्हणजे, किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही.

यांतल्या हिर्टा बेटावर एक गाव होतं. एकच रस्ता, रस्त्याकडेला ओळीनं १६ घरं, समोर समुद्र नि पाठीशी डोंगर. बेटावर झाड म्हणून नव्हतं. वारा उभं राहूच देत नसे. माणसं मेंढ्या पाळत, थोडं धान्य पिकवत. पण पोट भरायचं ते मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर. पुरुष कमरेला दोर बांधून अनवाणी उंच कड्यांवर उतरायचे. तिथून पक्षी आणि अंडी आणायची. मांस पोटात, तेल दिव्यात, आणि पिसं मालकाला खंड म्हणून! कारण बेट त्यांचं नव्हतंच, ते एका जमीनदाराचं होतं.

रोज सकाळी सगळे पुरुष रस्त्यावर जमत आणि आज काय काम करायचं ते ठरवत. बाहेरच्या लोकांनी या बैठकीला थट्टेनं 'पार्लमेंट' असं नाव दिलं होतं. बायकांना मात्र तिथं जागा नव्हती. पाणी, इंधन, ओझी यांचे कष्ट त्यांच्याच वाट्याला होते, हे मला काही पटत नाही.

आणि पत्रं? लाकूड कोरून छोटीशी होडी करायची. तिच्यात पत्र आणि तिकिटाचे पैसे ठेवायचे. तरंगायला मेंढीच्या मूत्राशयाचा फुगा बांधायचा. वारा हवा तसा वाहू लागला, की द्यायची सोडून! ती स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागायची, कधी थेट नॉर्वेला. ज्याला सापडेल तो पत्र टपालात टाकायचा.

मग असं गाव सोडलं का? एका दिवसात नाही सोडलं. १६९७ साली तिथं सुमारे १८० माणसं होती. पुढे देवीची साथ आली. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यांतले निम्म्याच्या आसपास वाटेतच आजारानं गेले. त्यानंतर कित्येक वर्षं नवजात बाळं धनुर्वातानं दगावत होती. पहिल्या महायुद्धात आरमाराची माणसं येऊन राहिली. बाहेरचं जग कसं असतं ते तरुणांना कळलं आणि युद्धानंतर एकेक जण गाव सोडू लागला. होडी वल्हवायला, कड्यावर उतरायला हातच उरेनात.

नॉर्मन जॉन गिलीज तेव्हा ५ वर्षांचा होता. १९३०च्या सुरुवातीला त्याची आई आजारी पडली. बेटावर डॉक्टर नव्हता, म्हणून तिला ग्लासगोच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. लहान होडीतून ती जहाजाकडे निघाली. अंगाभोवती शाल, आणि ती हात हलवतेय, एवढंच त्याला पुढे आयुष्यभर आठवत राहिलं. ती परत आलीच नाही.

त्याच वर्षी १० मे रोजी गावकऱ्यांनी सरकारला अर्ज लिहिला: आम्हाला इथून न्या. हो, अर्ज त्यांनीच केला. कुणी हाकललं नाही त्यांना. पण स्वतःच्या हातानं असा अर्ज लिहिणं सोपं असेल का?

२९ ऑगस्ट १९३०. सकाळी प्रत्येक घरात एक बायबल उघडून ठेवलं, शेजारी ओटचा छोटासा ढीग ठेवला. दारं लावली. गुरं-मेंढ्या आधीच गेल्या होत्या. कुत्र्यांना मात्र नेता येईना, त्यांना समुद्रात बुडवावं लागलं. हे लिहिताना जड जातं, पण तसंच घडलं. मग उरलेले ३६ जण 'हेअरबेल' या आरमारी जहाजावर चढले. (१८५२ साली गेले तेही ३६च!)

सरकारनं काही पुरुषांना नोकरी दिली ती जंगलखात्यात. ज्यांच्या गावात एक झाड नव्हतं, त्यांना झाडं लावायचं काम! तरी ते रुळले. काहींची मुलं शहरांत गेली.

नॉर्मन जॉन मोठा झाला, दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाला. त्यानं हिर्टाला परत जाऊन आपलं घर पाहिलं. २०१३ मध्ये तो वारला. सोडून जाताना ८ वर्षांची असलेली रेचल जॉन्सन २०१६ मध्ये, ९३व्या वर्षी गेली. त्या ३६ जणांतली ती शेवटची.

तुमच्यातल्या क्रिकेटवेड्यांना मेलबर्नचं सेंट किल्डा ठाऊक असेल. शेन वॉर्न तिथल्याच क्लबातून खेळायचा. ते नाव 'लेडी ऑफ सेंट किल्डा' या जहाजावरून पडलं, आणि जहाजाला मिळालं या बेटांवरून.

१९५७ पासून हिर्टा स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आहे. उन्हाळ्यात स्वयंसेवक जातात, पडक्या भिंती सावरतात, काही घरांना पुन्हा छप्परही घातलंय. तिथून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडंही समुद्र शांत असला तर होडीनं जातात. समुद्र शांत नसला, तर मात्र बेट लांबूनच बघून परत फिरावं लागतं.