परिचयपानाची रचना : एचटीएमएलची तोंडओळख

समजा, तुम्ही गणपतीपुळ्याचे रहिवासी आहात आणि आंतरजालावर स्वतःचे परिचयपान तयार करीत आहात. त्यात तुमचे नाव, गाव, अभ्यासविषय आणि जवळच्याच मालगुंडचा, म्हणजे कवी केशवसुतांच्या जन्मगावाचा, उल्लेख आहे. हा मजकूर तुम्हांला दिसतो तसाच सर्वांना दिसेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. पूर्वी अनेक मराठी पाने विशिष्ट फाँटमध्ये लिहिली जात. तो फाँट वाचकाच्या संगणकावर नसला, की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत.

खुणा कशासाठी?

एचटीएमएल ही खुणांची भाषा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी ती सर्न या संशोधन संस्थेत विकसित केली. मजकुराचा कोणता भाग काय आहे, हे या खुणा ब्राउझरला सांगतात. प्रत्येक खूण कोनी कंसात लिहितात. मजकुराआधी आरंभीची आणि मजकुरानंतर समाप्तीची. समाप्तीच्या खुणेत नावाआधी तिरपी रेघ असते. प्रत्यक्ष लिहिताना खुणांची नावे रोमन लिपीत लिहावीत. येथे ती उच्चारानुसार दिली आहेत.

तुमच्या नावासाठी 'एच-१' (मुख्य शीर्षक), परिचयाच्या मजकुरासाठी 'पी' (परिच्छेद) आणि दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यासाठी 'ए' ही खूण वापरावी. नाव केवळ ठळक व मोठे केले, तर डोळ्यांना ते शीर्षक वाटेल. परंतु अंध वाचकाला पान वाचून दाखवणारी प्रणाली त्याला शीर्षक म्हणून ओळखणार नाही.

मराठीसाठी दोन सूचना

पहिली सूचना अक्षरसंकेताची. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. 'गणपतीपुळे' या शब्दात अक्षरे व मात्रा-वेलांट्या मिळून ९ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण २७. ब्राउझरने हे बाइट वेगळ्या पद्धतीने वाचले, तर गावाचे नावच हरवते. म्हणून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि पानाच्या आरंभी 'मेटा' खुणेत तसे नमूद करावे.

दुसरी सूचना भाषेची. देवनागरी लिपी हिंदीचीही आहे. 'लँग' या गुणधर्मात मराठीचा 'एम-आर' हा संकेत दिला, तर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मराठी उच्चार निवडता येतात.

रंग आणि सजावट यानंतर. आपले नाव आपल्या भाषेत सर्वांपर्यंत शाबूत पोहोचणे, हे परिचयपानाचे पहिले काम होय.

कृती : स्वतःचा पाच ओळींचा परिचय कागदावर लिहा. प्रत्येक भागापुढे योग्य खूण नोंदवा आणि ती का निवडली, हे एका वाक्यात स्पष्ट करा.